डिलीट करूनही डिस्क भरतच चालली: कॅसँड्रातल्या कॉम्पॅक्शनला जागा कशी करून द्यायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅसँड्रा (डेटा अनेक यंत्रांवर वाटून ठेवणारा डेटाबेस) ४.० चा सहा नोडचा, म्हणजे सहा यंत्रांचा, क्लस्टर, रेप्लिकेशन फॅक्टर ३ (प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती, म्हणजे रेप्लिका), प्रत्येक नोडवर १००० जीबीची ईएक्सटी४ डिस्क. उपकरणांकडून येणाऱ्या नोंदींचं एक मोठं टेबल आहे आणि त्याची कॉम्पॅक्शन स्ट्रॅटेजी (डेटा फाइली एकत्र करून नव्याने लिहिण्याची पद्धत) मूळचीच, म्हणजे साइझ-टिअर्ड. चार दिवसांपूर्वी १८० दिवसांहून जुन्या नोंदी डिलीट केल्या. जागा सुटायच्या ऐवजी डीएफमधला (डिस्क किती भरली ते सांगणारी आज्ञा) आकडा ८८ वरून ९१ टक्क्यांवर गेला. नोडटूल (कॅसँड्राला आज्ञा देण्याचं साधन) कॉम्पॅक्ट चालवलं तर पुरेशी जागा नाही असं सांगून ते थांबलं. आता जीसी ग्रेस (डिलीटची खूण किती काळ जपायची ती मुदत) शून्य करून पुन्हा कॉम्पॅक्ट चालवावं का? सोबतचे आकडे: एका नोडवर ८६० जीबी वापरात, त्यात या टेबलाच्या चालू फाइली ६२० जीबी, त्यातल्या सर्वांत मोठ्या चार फाइली २९०, १४०, ७५ आणि ६० जीबीच्या, बाकीची सगळी टेबलं मिळून ४० जीबी.

आधी सरळ उत्तर देतो. जीसी ग्रेस शून्य करू नका आणि नोडटूल कॉम्पॅक्टही सध्या चालवू नका. पहिल्याने तुम्हाला हवं ते मिळणार नाही. दुसरं आज चालणारच नाही, आणि चाललं असतं तर पुढच्या वर्षासाठी याहून मोठी अडचण मागे ठेवून गेलं असतं.

खरी अडचण अशी की कॉम्पॅक्शन जागा सोडतं ते अगदी शेवटी, आधी ते जागा मागतं. जुन्या फाइली वाचून नवी फाइल पूर्ण लिहून झाली की मगच जुन्या पुसल्या जातात, तोवर दोन्ही डिस्कवर असतात. मिळणाऱ्या फाइलीचा आकार कॅसँड्रा आधी अंदाजाने धरतं आणि त्या अंदाजात ‘यातलं निम्मं डिलीट झालंय’ हे त्याला ठाऊक नसतं. जेवढ्या फाइली आत, तेवढीच जागा ते मागतं. त्यामुळे सोडवायचं कोडं असं: हातात असलेल्या जागेत मावतील एवढ्या लहान घासांनी डिलीट झालेला डेटा बाहेर कसा काढायचा.

डिलीटनंतर नेमकं काय होतं हे एकदा नीट पाहू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. कॅसँड्रात लिहिलेलं आधी मेमटेबलमध्ये, म्हणजे मेमरीत, जातं, ते भरलं की डिस्कवर एसएसटेबल म्हणून उतरतं. एकदा उतरलेल्या फाइलीत बदल होत नाही. म्हणून डिलीट ही सुद्धा एक नवी नोंदच असते: ही ओळ अमुक वेळी गेली. हाच टूमस्टोन. तुम्ही ओळी एकेक करून डिलीट केल्या असतील तर जितक्या ओळी तितके टूमस्टोन लिहिले गेले, तेही तिन्ही रेप्लिकांवर. अख्खं पार्टिशन (एकाच की खाली एकत्र ठेवलेल्या ओळींचा गट) एका झटक्यात डिलीट करता आलं असतं तर एका पार्टिशनमागे एकच लागला असता. पार्टिशन की मध्ये तारीख आहे की नाही हे तुम्ही लिहिलं नाही, आणि कुठली वाट खुली होती ते त्यावरच ठरतं. की मध्ये फक्त उपकरणाचा क्रमांक असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. अशा पार्टिशनमधून वाचताना टूमस्टोन ओलांडत जावं लागतं. एका क्वेरीत १००० च्या वर गेले की लॉगमध्ये इशारा येतो आणि १,००,००० च्या वर गेले की क्वेरीच रद्द होते. हे दोन्ही आकडे मूळ सेटिंगचे आहेत.

आता एक बारीक पण महत्त्वाचा भेद. जीसी ग्रेसची मुदत, मूळची ८६४००० सेकंद म्हणजे १० दिवस, ही टूमस्टोनला लागू आहे. टूमस्टोनखाली झाकलेल्या डेटाला ती लागू नाही. टूमस्टोन आणि तो डेटा एकाच कॉम्पॅक्शनमध्ये आले की डेटा तिथल्या तिथे गळतो, दहा दिवस थांबत नाही. थांबतो तो फक्त टूमस्टोन. म्हणजे तुमची जागा जीसी ग्रेसमुळे अडलेली नाही. ती अडली आहे कारण टूमस्टोनची आणि डेटाची गाठच पडत नाही.

गाठ का पडत नाही? साइझ-टिअर्ड स्ट्रॅटेजी साधारण सारख्या आकाराच्या फाइली एका गटात धरते, म्हणजे गटाच्या सरासरीच्या ०.५ ते १.५ पट. गटात किमान ४ फाइली जमल्या की त्यांची एक करते. तुमचे ताजे टूमस्टोन काहीशे एमबीच्या नव्या फाइलींत आहेत. जुना डेटा बहुतेक २९० जीबीच्या फाइलीत आहे, कारण या स्ट्रॅटेजीत मोठी फाइल म्हणजे सहसा जुना डेटा. ती फाइल तिच्या गटात एकटी आहे, १४० ची तिच्या गटात एकटी, आणि ७५ व ६० मिळून दोनच. २९० च्या फाइलीला सोबत म्हणून तशाच आणखी तीन तयार होईपर्यंत तिला कुणी उघडणार नाही. तेवढा डेटा यायला महिने लागतील आणि तेवढी डिस्क तर मुळातच नाही. टूमस्टोन जास्त असलेल्या एकट्या फाइलीचं आपोआप कॉम्पॅक्शन करणारी एक सोय आहे (टूमस्टोन थ्रेशोल्ड, मूळ किंमत ०.२). पण ती मुदत संपलेले टूमस्टोन ज्या फाइलीत आहेत तिलाच उचलते. तुमच्या २९० च्या फाइलीत टूमस्टोन नाहीतच, तिथे नुसता मेलेला डेटा आहे.

जीसी ग्रेस शून्य केल्याने यातलं काहीच हलत नाही. धोके मात्र दोन वाढतात. एखादा नोड डिलीटच्या वेळी बंद होता आणि त्याला टूमस्टोन पोचला नाही, तर बाकी दोघांनी टूमस्टोन टाकून दिल्यावर पुढच्या रिपेअरमध्ये (रेप्लिका एकमेकींशी जुळवण्याच्या कामात) तो नोड जुना डेटा सगळ्यांना परत देतो. डिलीट केलेल्या नोंदी जिवंत होऊन येतात, आणि हे लक्षात यायला कधीकधी आठवडे जातात. दुसरं म्हणजे हिंटची (बंद नोडसाठी राखून ठेवलेल्या लिखाणाची) मुदतही जीसी ग्रेसला बांधलेली असते. ती शून्य झाली की या टेबलासाठी हिंटचा आधारच जातो.

आता हाताला लागणाऱ्या कामाकडे. तुमच्याच आकड्यांची बेरीज करा: ६२० अधिक ४० म्हणजे ६६०. वापरात ८६० आहेत. मग २०० जीबी कुठे गेले? मी अशा वेळी कॉम्पॅक्शनकडे वळण्याआधी नेहमी हा फरक शोधतो, कारण बहुतेकदा सुटका तिथेच असते.

पहिला संशय स्नॅपशॉटवर, म्हणजे एका क्षणीच्या डेटा फाइली जपून ठेवणाऱ्या सोयीवर. नोडटूल लिस्टस्नॅपशॉट्स चालवा. त्यात ‘ट्रू साइझ’ नावाचा रकाना असतो. स्नॅपशॉट पुसल्यावर आज प्रत्यक्ष किती जागा सुटेल ते तो सांगतो. डीयू (फोल्डरचा आकार मोजणारी आज्ञा) त्या फोल्डरवर चालवून येणारा आकडा फसवा असतो, कारण स्नॅपशॉट म्हणजे हार्ड लिंक, त्याच फाइलीला दिलेलं दुसरं नाव. मूळ फाइल अजून चालू असेल तर लिंकला वेगळी जागा लागत नाही, डीयू मात्र ती मोजतो. टेबल ड्रॉप किंवा ट्रंकेट केलं की कॅसँड्रा स्वतःहून स्नॅपशॉट घेतं (ऑटो स्नॅपशॉट मूळचं चालू असतं). त्यामुळे कधीकाळी ‘टाकून दिलेली’ टेबलं तिथे जशीच्या तशी बसलेली सापडतात.

आणि हे विशेष लक्षात ठेवा: ट्रू साइझ आज शून्य दाखवणारा स्नॅपशॉटही कॉम्पॅक्शनपूर्वी हलवायला हवा. आज तो फुकट आहे. पण कॉम्पॅक्शन होऊन जुनी फाइल ‘पुसली’ गेली की तिचा डेटा त्या हार्ड लिंकमुळे डिस्कवरच राहतो. २९० ची फाइल कष्टाने आटवून १२० ची केलीत तरी स्नॅपशॉट असेल तर एकूण वापर १२० ने वाढतो. ‘कॉम्पॅक्शन केलं आणि डिस्क आणखी भरली’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं. स्नॅपशॉट बॅकअप म्हणून हवा असेल तर तो आधी दुसऱ्या यंत्रावर उतरवा, मग नोडटूल क्लिअरस्नॅपशॉट. ४.० मध्ये एकतर नाव द्यावं लागतं किंवा सगळे पुसायचे असल्याचं स्पष्ट सांगावं लागतं.

दुसरी जागा म्हणजे प्रत्येक टेबलाच्या फोल्डरमधला बॅकअप्स नावाचा फोल्डर. इन्क्रिमेंटल बॅकअप कधी चालू केला असेल तर प्रत्येक नवी एसएसटेबल तिथे लिंक होते आणि कॅसँड्रा ती कधीच स्वतःहून पुसत नाही. मग जावाचे हीप डंप (मेमरीची फाइलीत उतरवलेली नक्कल) पाहा, एकेक दहा-वीस जीबीचा असू शकतो आणि तो बऱ्याचदा त्याच डिस्कवर पडतो. कमिट लॉग (प्रत्येक लिखाणाची आधी होणारी नोंद) मूळ सेटिंगमध्ये ८ जीबीच्या पुढे जात नाही, त्यामुळे तिथे फार शोधू नका. डीएफ आणि डीयू यांचे आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर पुसलेली पण कुठल्यातरी प्रोसेसने उघडी धरलेली फाइल असते. ती एलएसओएफ दाखवतो.

क्लस्टरमध्ये मागे कधी नोड वाढवले असतील तर आणखी एक शक्यता, पण ती या २०० जीबीत येत नाही, ती तुमच्या ६२० च्या आत लपलेली असेल. नवा नोड आला की त्याच्याकडे गेलेल्या रेंजचा, म्हणजे कीच्या पट्ट्याचा, डेटा जुन्या नोडवर तसाच पडून राहतो, नोडटूल क्लीनअप चालवेपर्यंत. क्लीनअपही फाइल नव्याने लिहितं, म्हणजे त्यालाही जागा लागते. तेव्हा आज नोंद करून ठेवा, चालवा नंतर.

आता ईएक्सटी४ ची एक गंमत. ही फाइल सिस्टम मूळ सेटिंगमध्ये ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. कॅसँड्रा रूट म्हणून चालत नाही (चालत असेल तर ते आधी सुधारा), म्हणून तुमच्या १००० मधले ५० जीबी त्याला दिसतच नाहीत. म्हणूनच ८६० वापरात असताना मोकळे १४० नसून ९० आहेत आणि डीएफ ९१ टक्के म्हणतो. डिस्क फक्त डेटासाठी असेल, ऑपरेटिंग सिस्टम तिच्यावर नसेल, तर ट्यून२एफएसने ही राखीव जागा १ टक्क्यावर आणता येते. चालू नोडवर होतं, क्षणात होतं, आणि काम झाल्यावर परत ५ करता येतं. ४० जीबी हातात आले.

हिशेब असा लागतो: मोकळे ९०, शोधून सोडवलेले २००, राखीवातले ४०. एकूण ३३०. तुमची सर्वांत मोठी फाइल २९० ची आहे. आता घास घशाखाली उतरेल.

यासाठी योग्य हत्यार म्हणजे नोडटूल गार्बेजकलेक्ट. हे ३.१० पासून आहे, पण तरी लोक आधी कॉम्पॅक्टकडेच धावतात. कॉम्पॅक्ट सगळ्या फाइली एकत्र करतं, म्हणजे तुमच्याकडे ६२० जीबी मागेल. गार्बेजकलेक्ट एका वेळी एकच फाइल नव्याने लिहितं. मात्र लिहिताना तिच्यावर पडणारे टूमस्टोन इतर फाइलींतून शोधून आणतं आणि झाकलेला डेटा गाळतं. म्हणजे एरवी महिनोन्महिने न पडलेली गाठ ते घालून देतं, आणि जागा लागते फक्त त्या एका फाइलीपुरती. नेमका हाच तुमचा प्रश्न होता.

चालवताना काही पथ्यं पाळा. ४.० मध्ये ते मूळ सेटिंगने एका वेळी एकच काम चालवतं, जे (-j) पर्याय १ च्या वर नेऊ नका. नाहीतर २९० आणि १४० एकाच वेळी लिहायला घेतल्या तर ४३० लागतील. ग्रॅन्युलॅरिटी (किती बारीक पातळीवर गाळायचं ते) रो, म्हणजे ओळ, ठेवा, ती मूळचीच आहे. सेल पातळी जास्त वाचन करते आणि तुम्ही ओळी डिलीट केल्या आहेत, सुटे रकाने नाहीत. त्या काळात रिपेअर, क्लीनअप आणि बॅकअपची वेळापत्रकं थांबवा. आणखी एक: बॅकअपची स्क्रिप्ट मध्येच स्नॅपशॉट घेणार नाही ना, ते पाहा. नाहीतर वर सांगितलेली हार्ड लिंकची भानगड पुन्हा सुरू. एका वेळी एकच नोड घ्या, तो पूर्ण झाल्यावर पुढचा.

वेळेचा अंदाज हवा असेल तर कॉम्पॅक्शन थ्रूपुटची मर्यादा ४.० मध्ये मूळची सेकंदाला ६४ एमबी आहे (३ च्या मालिकेत १६ होती, जुनी सेटिंग फाइल तशीच आणली असेल तर तपासा). २९० जीबीला त्या वेगाने किमान सव्वा तास लागेल. प्रत्यक्षात जास्तच, कारण इतर फाइलींतही डोकवावं लागतं. वाचनाचा वेळ वाढताना दिसला तर सेटकॉम्पॅक्शनथ्रूपुटने ३२ वर आणा. याला नोड बंद करावा लागत नाही. प्रगती नोडटूल कॉम्पॅक्शनस्टॅट्समध्ये दिसते. अंदाज चुकला आणि मोकळी जागा २०-२५ जीबीच्या खाली घसरू लागली तर नोडटूल स्टॉपने चालू काम थांबवा. अर्धवट लिहिलेली नवी फाइल पुसली जाते, जुनी जशीच्या तशी राहते. नुकसान फक्त वेळेचं.

ते २०० जीबी सापडलेच नाहीत, किंवा सापडले पण निम्मेच, तर? मग लहान फाइलींपासून वर चढायचं. टेबलाच्या कॉम्पॅक्शन सेटिंगमध्ये ‘प्रोव्हाइड ओव्हरलॅपिंग टूमस्टोन्स’ हा पर्याय ऑल्टर टेबलने रो करा. त्यानंतर साधं कॉम्पॅक्शनही इतर फाइलींतले टूमस्टोन लावून पाहतं. मग नोडटूल कॉम्पॅक्टला यूझर डिफाइन्ड पर्यायासह एकेक डेटा फाइल द्या: आधी ६० ची, मग ७५ ची, मग १४० ची. प्रत्येक टप्प्यावर जागा थोडी वाढत जाईल. खरं सांगायचं तर लहान फाइलींत ताजा डेटा जास्त असतो, त्यामुळे तिथून फार निघेल अशी आशा धरू नका. काम झाल्यावर तो पर्याय परत नन (बंद) करा, कारण प्रत्येक कॉम्पॅक्शनला तो जादा वाचन करायला लावतो.

एवढं करूनही २९० ला जागा होत नसेल तर डिस्क वाढवण्याला पर्याय नाही. व्हॉल्यूम चालू स्थितीत वाढवता येत असेल तर तेच सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित. दुसरी डेटा डिरेक्टरी तात्पुरती जोडण्याचा मोह होतो, पण ३.२ पासून कॅसँड्रा अनेक डिरेक्टऱ्यांमध्ये टोकन रेंज वाटून ठेवतं. ती जोडणं सोपं, नंतर काढून घेणं किचकट. त्यापेक्षा मोठ्या डिस्कचा नवा नोड त्याच्या जागी बसवणं मी पसंत करतो.

एक गोष्ट कुठल्याही परिस्थितीत नको: जुनी वाटणारी एसएसटेबल आरएमने उडवणं. टूमस्टोन असलेली फाइल गेली तर त्याखालचा डेटा इतर फाइलींतून वर येतो. आणि डेटा असलेली गेली तर पुढचं रिपेअर तो दुसऱ्या रेप्लिकांकडून परत आणतं.

सगळ्या नोडना श्वास मिळाला की रिपेअर. गार्बेजकलेक्ट त्या नोडवर पोचलेलेच टूमस्टोन वापरू शकतं. एखाद्या रेप्लिकाला ते मिळालेच नसतील तर तिथे डेटा जिवंतच आहे. सगळे टूमस्टोन सगळीकडे पोचवायचं काम रिपेअरचं, आणि ते डिलीटपासून दहा दिवसांत व्हायला हवं. तुमचे चार दिवस गेले, सहा उरले. सहा नोडवर आधी गार्बेजकलेक्ट आणि मग रिपेअर एवढ्यात बसेल का याची मला खात्री वाटत नाही. म्हणून मी आजच जीसी ग्रेस वाढवून १७२८०००, म्हणजे २० दिवस, करेन. बदल आधीच्या टूमस्टोनलाही लागू होतो, कारण मुदत संपली की नाही हे कॉम्पॅक्शनच्या वेळी चालू सेटिंगवरून ठरतं. थोडक्यात, तुम्ही जे शून्य करायला निघाला होता ते आत्ता दुप्पट करायची वेळ आहे. रिपेअर पूर्ण झाल्यावर परत दहा दिवसांवर आणा.

रिपेअरबद्दल एक पोटप्रश्न. ४.० मध्ये नुसतं नोडटूल रिपेअर म्हटलं की ते इन्क्रिमेंटल असतं आणि ते फाइलींची रिपेअर झालेल्या व न झालेल्या अशी विभागणी करतं. या दोन गटांतल्या फाइली एकमेकांशी कॉम्पॅक्ट होत नाहीत. कधी एकदाच इन्क्रिमेंटल रिपेअर करून सोडून दिलं असेल तर जुना डेटा एका बाजूला आणि नवे टूमस्टोन दुसऱ्या बाजूला, अशी भिंत उभी राहते. एसएसटेबल-मेटाडेटा हे हत्यार प्रत्येक फाइलीची ‘रिपेअर्ड ॲट’ वेळ दाखवतं. काहींवर शून्य आणि काहींवर तारीख दिसली तर इन्क्रिमेंटल रिपेअर नियमित ठेवा, किंवा ठरवून पूर्णपणे फुल रिपेअरवर या. मधलं काही नको.

इथवरचा क्रम एका दमात: २०० जीबी शोधणे, स्नॅपशॉट बाहेर नेऊन पुसणे, राखीव जागा कमी करणे, जीसी ग्रेस वाढवणे, एकेका नोडवर एका वेळी एकच काम ठेवून गार्बेजकलेक्ट, मग रिपेअर, मग जीसी ग्रेस मूळ जागी.

जागा झाल्यावर ‘आता तरी कॉम्पॅक्ट चालवू का’ असं मनात येईल. नको. साइझ-टिअर्डमध्ये त्यातून समजा ४०० जीबीची एकच फाइल तयार होईल आणि तिच्या गटात ती कायमची एकटी पडेल. पुढच्या वेळी डिलीट कराल तेव्हा हाच प्रसंग, फक्त २९० च्या जागी ४००. एसएसटेबल-स्प्लिटने ती तोडता येते, पण त्यासाठी नोड बंद करावा लागतो आणि तोडलेले तुकडे लिहायला पुन्हा तेवढीच जागा.

दूरचा उपाय स्ट्रॅटेजीतच आहे. वेळेनुसार येणारा आणि ठरावीक दिवसांनी निरुपयोगी होणारा डेटा हाताने डिलीट करायचाच नसतो. त्याला लिहितानाच टीटीएल (आपोआप संपण्याची मुदत) द्यायचा आणि टाइम-विंडो स्ट्रॅटेजी (ठरावीक काळाच्या विंडोनुसार फाइली वेगळ्या ठेवणारी) वापरायची. १८० दिवसांचा टीटीएल म्हणजे १५५५२००० सेकंद. विंडो ७ दिवसांची घ्या, म्हणजे साधारण २६ विंडो होतात. विंडोंची संख्या २० ते ३० च्या आसपास ठेवावी. एक दिवसाची विंडो घेतलीत तर १८० फाइली होतील आणि वाचन महाग पडेल. विंडो उलटली की तिच्या फाइलींची एक फाइल होते, तिच्यातलं सगळं मुदतबाह्य झालं की ती फाइल न वाचताच अख्खी पुसली जाते. जागेचा हिशेब पाहा: १८० दिवसांचा डेटा ४०० जीबी धरला तर एका आठवड्याची फाइल १५-१६ जीबी. कॉम्पॅक्शनला एका वेळी लागणारी जागा २९० वरून १६ वर येते.

डेटा बरोबर १८० व्या दिवशी जात नाही, हे क्षमता ठरवताना धरा. टीटीएल संपल्यावर जीसी ग्रेसचे १० दिवस आणि विंडोतली शेवटची ओळ जुनी व्हायला जास्तीत जास्त ७ दिवस, म्हणजे सुमारे १९७ दिवसांचा डेटा डिस्कवर राहील. टेबलात फक्त टीटीएलच असेल, हाताने डिलीट आणि जुन्या ओळींवर पुन्हा लिहिणं नसेल, तर जीसी ग्रेस एका दिवसावर आणता येते. पण हिंटच्या मूळच्या तीन तासांच्या खाली कधीच नको.

हे नव्या टेबलात करा. जुन्या टेबलावर ऑल्टर करून भागत नाही, कारण टेबलाचा टीटीएल फक्त यापुढच्या लिखाणाला लागतो. जुन्या ओळींना तो नाहीच, आणि ती मोठी फाइल तिच्यातल्या सर्वांत ताज्या वेळेच्या विंडोत जाऊन बसेल. नवं टेबल तयार करा, नवं लिखाण तिकडे वळवा, वाचन काही महिने दोन्हींतून करा, १८० दिवसांनी जुनं ड्रॉप करा. आणि ड्रॉप केल्यावर तो आपोआप घेतलेला स्नॅपशॉट पुसायला विसरू नका, नाहीतर एक बाइटही सुटणार नाही.

टाइम-विंडो बिघडते ती दोन-तीन ठराविक कारणांनी. जुन्या वेळेचा टाइमस्टॅम्प देऊन उशिरा लिहिणं, मधूनच हाताने डिलीट करणं, आणि रीड रिपेअरने, म्हणजे वाचताना होणाऱ्या जुळवणीने, जुन्या ओळी आजच्या फाइलीत आणून टाकणं. यातून जुन्या-नव्या वेळा एका फाइलीत मिसळतात आणि एका न संपलेल्या ओळीपायी मागच्या कितीतरी फाइली अडून बसतात. कोण कोणाला अडवतंय हे एसएसटेबल-एक्स्पायर्ड-ब्लॉकर्स दाखवतं. रीड रिपेअर ४.० मध्ये टेबलापुरता नन करता येतो. पण मग कोरम (बहुसंख्य रेप्लिकांकडून होणाऱ्या) वाचनात एकदा दिसलेली नवी किंमत पुढच्या वाचनात पुन्हा जुनी दिसणार नाही, ही हमी जाते. नोंदी एकदाच लिहिल्या जात असतील तर मला तो सौदा मान्य आहे.

तुमचा डेटा असा वेळेला बांधलेला नसेल, त्याच ओळी वारंवार बदलत असतील, तर लेव्हल्ड स्ट्रॅटेजी पाहा. तिच्या फाइली मूळच्या १६० एमबीच्या, मेलेला डेटा फार साचत नाही, मोबदल्यात डिस्कवर लिहिणं बरंच वाढतं. पण ९० टक्के भरलेल्या डिस्कवर तिच्याकडे वळणं म्हणजे सगळा डेटा नव्याने लिहायचं आमंत्रण. ५.० मधली युनिफाइड स्ट्रॅटेजी मोठ्या फाइलींची ही अडचण शार्ड (लहान तुकडे) पाडून बरीच हलकी करते, तुमचं अपग्रेड तेवढ्यासाठी घाईने करू नका.

किती जागा मोकळी ठेवावी? साइझ-टिअर्डसाठी निम्मी हा जुना नियम आहे आणि तो सर्वांत वाईट प्रसंग धरून आहे. मी त्याऐवजी सर्वांत मोठ्या गटातल्या चार फाइलींची बेरीज पाहतो आणि तेवढी जागा कायम राखतो. इशारा ६० टक्क्यांना, हालचाल ७० ला. टाइम-विंडोवर गेल्यावर ७५ पर्यंत निवांत राहता येतं. ४.१ पासून डिस्कच्या वापरावर इशारा देणारं आणि लिखाण थांबवणारं गार्डरेल सेटिंग आहे. ते मूळचं बंद असतं.

नोड वाढवायचे असतील तर जागा असताना वाढवा. सहाचे आठ केले की प्रत्येकाचा वाटा निम्म्यावरून ३७.५ टक्क्यांवर येतो, पण हा फरक क्लीनअप झाल्यावरच डिस्कवर दिसतो आणि क्लीनअपला परत सर्वांत मोठ्या फाइलीएवढी जागा लागू शकते.

पहिल्या नोडवर गार्बेजकलेक्ट झाल्यावर टेबलस्टॅट्समधली ‘स्पेस यूझ्ड लाइव्ह’ ही ओळ पाहा. ती ठळकपणे उतरली पण डीएफ जागचा हलला नाही, तर कुठेतरी स्नॅपशॉट किंवा बॅकअप्सची लिंक अजून आहे. दोन्ही हलले नाहीत, तर त्या नोडवर टूमस्टोनच पोचलेले नाहीत असं धरा. त्या एका नोडपुरता क्रम उलटा करावा लागेल: आधी त्या टेबलाचं फुल रिपेअर, मग पुन्हा गार्बेजकलेक्ट.